ओढ्यापलीकडचं उत्तर

मी एक जुना कंदील आहे. आता लगेच रॉकेल, वात आणि काजळी डोळ्यांसमोर आणू नका. तो वेगळा, तो माझा थोरला चुलता म्हणा हवं तर. मी सेलवर चालणारा कंदील. माझ्या पोटात टॉर्चमध्ये घालतात ते जाडजूड सेल बसतात आणि वर पारदर्शक प्लॅस्टिकच्या आत वीतभर लांबीची ट्यूब आहे. तुमच्या घरात पूर्वी भिंतीवर लांबलचक ट्यूबलाइट असायची ना, तिचंच हे पिल्लू. अंग हिरवं, डोक्यावर धरायला कडी आणि छातीवर एक खटका. खटका दाबला की मी आधी जरा विचार करतो, दोनदा डोळे मिचकावतो आणि मग लागतो. माझ्या या विचार करण्याला कोणी हसलेलं मला आवडत नाही. हल्लीचे दिवे बटणाला बोट लागायच्या आत लागतात. लागू देत बापडे.

मित्रांनो, जन्माचं म्हणाल तर मला फारसं आठवत नाही. एका कारखान्यात मला जोडलं, ट्यूब बसवली, एकदा लावून बघितलं आणि खोक्यात घातलं. त्या खोक्यात आम्ही दोघे होतो. एकाच साच्यातले, एकाच दिवशीचे, म्हणजे जुळे भाऊच. पुढे फौजेच्या एका कँटीनमध्ये आम्ही फळीवर बसलो होतो, तेव्हा कृष्णात नावाचा एक तरणा जवान आला. त्याने आम्हाला उलटंसुलटं करून बघितलं, दोनचार वेळा लावलं, विझवलं. मग बरोबरच्या दोस्ताला म्हणाला, "दोन्ही घेतो. एक आईला, एक गुंडाला. पावसाळ्यात लय हाल हुत्यात गड्या आमच्याकडं."

कृष्णात सुट्टीवर निघाला, तेव्हा त्याच्या काळ्या ट्रंकेत साबणाच्या वड्या, बदामाची पुडी आणि आईसाठी घेतलेली गरम शाल यांच्यामध्ये आम्ही दोघे आडवे होतो. आगगाडी झाली, साताऱ्यात एसटी झाली, मग घाट सुरू झाला. प्रत्येक वळणावर मी भावावर आपटायचो आणि पुढच्या वळणावर तो माझ्यावर. त्या वेळी मला त्याचा राग आला होता. त्या दिवसानंतर कित्येक वर्षं आम्ही शेजारी-शेजारी असणार नाही हे मला ठाऊक असतं, तर मी कशाला चिडलो असतो?

कोयनानगरच्या वर, घाटाच्या एका वळणाखाली एक लहान वस्ती आहे. मधून ओढा वाहतो. ओढ्याच्या अलीकडे खोलगट जागेत कृष्णातचं घर आणि पलीकडे उंचावर त्याच्या लहानपणीच्या दोस्ताचं, गुंडाचं घर. ये-जा करायला ओढ्यावर लाकडी साकव. कृष्णातचे वडील तो शाळेत असतानाच गेले होते. घरात आई एकटी. तिचं नाव साळूबाई. मला बघून ती पहिल्यांदा काय म्हणाली असेल? "अगं बया, कवाशी लागायचं ह्ये? झोपलंय का काय?" मी विचार करत होतो, आणि ती मला झोपलेला समजली! मग मी लागलो आणि तिचं तोंड उजळलं. "व्हय रं, उजेड मातर लय ग्वाड हाय," ती म्हणाली. मी राग सोडून दिला.

मला दाराआड, जमिनीलगतच्या कोनाड्यात जागा मिळाली. कंदील एवढा खाली का, असं तुम्ही विचाराल. त्या भागात जमीन अधूनमधून हादरते. तिथली माणसं जड वस्तू उंच फळीवर ठेवत नाहीत, कारण हादरा बसला की फळीवरचं आधी डोक्यात येतं. आणि दाराजवळ का, तर घरातून बाहेर पळताना हाताला पटकन लागावं म्हणून. माझे सेलही कायम पोटात असायचे. बाहेर पळायच्या वेळी सेल कोण शोधत बसणार?

पण मी नुसता हादऱ्यांसाठी नव्हतो. धरणाच्या पाण्यावर खाली वीज तयार होते आणि वर आमच्या वस्तीवर पावसाळ्यात चारचार दिवस लाइट नसते. तेव्हा मी सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, मध्यभागी बसायचो. माझा उजेड चहूबाजूंना सारखा पसरतो. माझ्याभोवती बसून तांदूळ निवडता येतात, गोधडीला टाका घालता येतो, आणि समोरच्याच्या डोळ्यांत न घुसता त्याचा चेहरा दिसतो. त्या मोबाइलच्या टॉर्चसारखं नाही. जिकडं वळवाल तिकडं डोळे दिपतात आणि बाकी सगळा अंधारच. शिवाय मी लागलो की बारीक गुणगुणतो. साळूबाई म्हणायची, "घरात कुनीतरी हाय असं वाटतंय." एकट्या बाईच्या तोंडून हे ऐकताना मला भरून यायचं.

आता मुख्य गोष्ट सांगतो. एका पावसाळ्यात, दिवेलागणीच्या वेळी जोराचा हादरा बसला. मांडणीवरची भांडी खणखणली, कौलं घसरली, लाइट गेली. साळूबाईने मला उचललं आणि ती अंगणात आली. ओढा दुथडी भरून वाहत होता. पलीकडून गुंडा ओरडत असावा, पण पाण्याच्या आवाजात हाक काही पोचेना. आमचं घर खोलगटात, तिथं मोबाइलला रेंज नाही. तिने मला लावलं आणि डोक्याच्या वर धरलं. थोड्या वेळाने पलीकडच्या काळोखात एक पांढरा दिवा लागला. तो विझला आणि पुन्हा लागला.

तो माझा भाऊ होता, मित्रांनो. ट्रंकेतून निघाल्यापासून मी त्याला पहिल्यांदाच बघत होतो.

दुसऱ्या दिवशी गुंडा साकवावरून आला आणि म्हणाला, "आवं काकी, ह्ये रोजच करूया की. दिस मावळला की तुमी कंदील दारातल्या कट्ट्यावर लावायचा. मी माजा एकदा घालवून परत लावनार. मंजी तुमाला कळलं मी बघितलं, आन् मला कळलं तुमी बऱ्या हायसा. मंग दोगंबी बंद करू, सेल जायला नगंत. आमच्या फनसाखाली रेंज येती, तितनं मी किसनाला सांगत जाईन." गुंडा कृष्णातला किसना म्हणायचा.

"आन् न्हाई लावला तर?" साळूबाईने विचारलं.

"तर मी पळत येनार."

तेव्हापासून रोजचा हा शिरस्ता पडला. कृष्णात कधी सरहद्दीवर, कधी कुठल्या बर्फात. आईला शहरात हलवावं असं त्याच्या मनात नेहमीच यायचं, पण साळूबाई ऐकायला तयार नसे. "माजा भात, माजी म्हस आन् माजं दार सोडून मी कुटं जानार न्हाई," ती ठणकावून सांगायची. कृष्णातने एकच अट घातली होती: रोज दिवा दिसला पाहिजे. म्हणजे साळूबाईचं तिच्या घरात राहणं माझ्यावर अवलंबून होतं. मला याचा केवढा तोरा होता म्हणून सांगू! वस्तीवरच्या बाकीच्या दिव्यांना मी मोजतच नसे.

आणि मला स्वतःलाही त्या घडीची ओढ लागली. दिवसभर कोनाड्यात अंधारात बसायचं, कोंबड्यांची पिसं अंगावर घ्यायची, आणि संध्याकाळी थोडा वेळ कट्ट्यावर. पलीकडे भाऊ लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. आम्हाला एकमेकांशी एवढंच बोलता येत होतं. मी आहे. मी पण आहे. त्यावर माझा दुसरा दिवस निघायचा.

एकदा गंमत झाली. भाताची लावणी करून साळूबाई इतकी दमली होती की तिन्हीसांजेलाच भिंतीला टेकून झोपली. मी कोनाड्यात चुळबुळतोय, पण कोण ऐकतो? थोड्याच वेळात गुंडा धापा टाकत दारात उभा. अंगभर चिखल, एक चप्पल ओढ्यात गेलेली.

"काकी! आवं काकी!"

साळूबाई दचकून उठली. "काय रं मुडद्या, वरडतुयास कशापायी? डोळा लागला हुता जरा."

"दिवा न्हाई दिसला म्हनून पळत आलो की! जीव गेला हुता माजा."

"तुजा गेला आन् माजा हाय. बस, च्या ठेवते."

गुंडा चहा पिताना हसत होता, पण कप रिकामा झाला तरी उठायचं नाव घेत नव्हता. साळूबाईने ते बघितलं आणि तिने आणखी एक कप भरला. शिव्या मात्र तिने दोन्ही कपांबरोबर दिल्या.

वर्षं गेली. माझ्या ट्यूबची दोन्ही टोकं काळी पडली. थंडीत लागताना मी आता जास्तच विचार करू लागलो, आणि साळूबाई मला पाठीवर एक चापट मारायची. चापट बसली की मी लागायचो. एका संध्याकाळी पलीकडून उत्तर आलं, ते भावाकडून आलं नाही. टॉर्चचा एक बारीक झोत दोनदा हलला. दुसऱ्या दिवशीही तेच. भावाला काय झालं हे मला कोण सांगणार? साळूबाईला उत्तर मिळालं होतं, त्यामुळे तिला फरक पडला नाही. तिने मला बंद केलं आणि आत नेलं. त्या दिवसापासून मी रोज लागत होतो, पण माझ्याशी बोलणारं पलीकडे कोणी उरलं नव्हतं.

कृष्णात फौजेतून निवृत्त झाला आणि सांगलीत एका कारखान्यावर सुरक्षा अधिकारी म्हणून लागला. तिथेच फ्लॅट घेऊन बायको-मुलीसह राहू लागला. दर सणाला तो आईला न्यायला यायचा आणि दर सणाला भांडून परत जायचा. वस्तीवरची बाकीची घरंही एकेक करून कुलपात गेली. मग एका गौरी-गणपतीला त्याने पिशवीतून नवाकोरा सोलर दिवा काढला. चपटा, काळा, अंगठ्याएवढ्या जागेतून सूर्यासारखा उजेड पाडणारा. तो त्याने सोप्याच्या खांबावर, चांगला उंच ठोकला.

"आई, ह्याला हातबी लावायचा न्हाई," कृष्णात कौतुकाने सांगत होता. "अंधार पडला की आपोआप लागतो. उजाडलं की आपोआप बंद. सेल नको, चार्जिंग नको."

"मंग मी काय करायचं?"

"तू निवांत बसायचं. गुंडा, तुलाबी आता रोज उत्तर द्यायला नको. लाइट दिसला की झालं."

गुंडा खांबाकडे बघून म्हणाला, "लय भारी गड्या. हितनं धरनापातुर दिसंल."

कृष्णातचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आईने वाकून कंदील उचलू नये, तिच्या गुडघ्यांना त्रास होऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं. प्रेमानेच आणला होता त्याने तो दिवा. पण त्या सोप्यात उभ्या असलेल्या तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही, की इतकी वर्षं गुंडा उजेड बघत नव्हता. खटका दाबणारा हात शाबूत आहे, हे तो बघत होता. आणि हा नवा दिवा तर हाताशिवाय लागणारा.

मला मोडीत द्यायचं चाललं होतं. साळूबाईने मला परत कोनाड्यात ठेवलं. "ऱ्हाऊ दे. हादरा बसला तर घावंल," ती म्हणाली.

पहिले काही दिवस ती सवयीने दिवेलागणीला बाहेर यायची. खांबावरचा दिवा तिच्या आधीच लागलेला असायचा. ती कट्ट्यापाशी उभी राहून पलीकडे बघायची. उत्तर यायचं नाही, कारण उत्तर द्यायचं आता ठरलेलंच नव्हतं. मग ती पदराने तोंड पुसून आत यायची. पुढे तिने बाहेर जाणंच सोडलं. कोनाड्यापाशी येऊन एकदा मला म्हणाली, "तुजंबी काम गेलं आन् माजंबी." मला फार वाईट वाटलं. दिव्याला रडता येत असतं, तर मी त्या दिवशी रडलो असतो.

सुगी संपून थंडी पडली. म्हैस तिने आदल्या वर्षीच विकली होती, त्यामुळे सकाळी दूध घालायला कोणाकडे जाणं नव्हतं. एका सकाळी मागच्या मोरीत तिचा पाय घसरला. मी फक्त बादली पडल्याचा आवाज ऐकला आणि मग तिचं कण्हणं. "आई गं... गुंडा... ए गुंडाऽ..." ती हाका मारत राहिली. तिच्या हाका मागच्या भिंतीपर्यंत जात होत्या आणि गुंडाचं घर होतं ओढ्यापलीकडे. मांडीचं हाड मोडलं होतं, हे मला पुढे कळलं. त्या वेळी एवढंच समजत होतं की ती उठत नाही.

संध्याकाळ झाली. खांबावरचा दिवा झटकन लागला, रोजच्यासारखाच, झगमगीत. दाराच्या फटीतून त्याचा उजेड माझ्या अंगावर पडला. पलीकडे गुंडाने अंगणात येऊन बघितलं असणार, आणि 'म्हातारी बरी हाय' म्हणून भाकरी खायला आत गेला असणार. माझ्या पोटात सेल होते. ट्यूब होती. खटका दाबायला फक्त एक बोट पाहिजे होतं. मित्रांनो, मी आयुष्यात एवढा असहाय कधी झालो नव्हतो. बाहेर तो लखलखीत दिवा साऱ्या दरीला सांगत होता की इथं सगळं ठीक आहे, आणि आत ती पाण्याच्या बादलीला धरून थंडीने कुडकुडत होती.

दुसऱ्या दिवशी ती सरपटायला लागली. मोरीतून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून मधलं घर. थोडी सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची. मध्येच तिचा आवाज बंद व्हायचा आणि मला वाटायचं, संपलं. मग पुन्हा लुगडं जमिनीवर घासल्याचा आवाज यायचा. ती दारापर्यंत आली तेव्हा बाहेर दिवस मावळला होता. दार नुसतंच लोटलेलं होतं. तिने ते ढकललं आणि वर बघितलं. खांबावरचा दिवा झटकन लागला.

"मेल्या, तू खोटं बोलतुयास," ती त्याला म्हणाली. तिच्या ओठांना कोरड पडली होती, पण बोलण्यातला ठसका तोच होता. तिने त्याच्या दिशेने हात केला. खांब तिच्यापासून लांब आणि दिवा तर पार वर. तो विझवायला, झाकायला, फोडायलाही तिचा हात पोचणार नव्हता.

मग तिचा हात दाराआड चाचपडत माझ्याकडे आला.

तिने मला उंबऱ्यावरून बाहेर ढकललं आणि खटका दाबला. माझे सेल किती महिने तसेच पडून होते. ट्यूबच्या दोन टोकांना तांबूस धग आली आणि तिथेच थांबली. लाग, लाग, असं मी स्वतःला सांगत होतो. तिने उरलंसुरलं बळ गोळा करून माझ्या पाठीत चापट घातली. मी लागलो. सारखा नाही, फडफडत, विझल्यासारखा होत आणि पुन्हा पेटत, पण लागलो.

इतकी वर्षं मी एकच निरोप देत आलो होतो की ती बरी आहे. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदाच उलटा निरोप द्यायचा होता, आणि तो पोचतो का नाही हे कळायला मार्ग नव्हता.

पुढचं गुंडाने आमच्याच अंगणात सगळ्यांना सांगितलं. तो बैलांना वैरण टाकून वळला, तेव्हा त्याला काकीच्या दारात दोन दिवे दिसले. एक वर, गप्प. एक खाली, फडफडणारा. तो बायकोला म्हणाला, "खालचा कुनी लावला? काकी खाली कशापायी लावंल?" आणि तो पळाला. त्या दिवशी त्याच्या दोन्ही चपला ओढ्यात गेल्या.

"आवं काकी, काय झालं वो? कवा पडलासा?"

"काल सकाळी," साळूबाई म्हणाली.

गुंडा तिच्या उशाशी खाली बसला. "काल मी बघितला की लाइट. काल बघितला मी..." तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता आणि लहान पोरासारखा रडत होता. साळूबाईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "उठ रं. पानी दे आदी."

पलीकडून आणि वरच्या रस्त्यावरून माणसं जमली. घोंगड्याची झोळी करून तिला वर रस्त्यापर्यंत नेलं, तिथून जीपने कऱ्हाडच्या दवाखान्यात. गडबडीत मला बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मी रिकाम्या घराच्या कट्ट्याशी फडफडत राहिलो. सेल संपले तेव्हा विझलो.

दुसऱ्या दिवशी गुंडाने मला उचलून आपल्या घरी नेलं आणि माळ्यावर पोत्यांशेजारी ठेवलं. तिथे मला भाऊ भेटला. एवढ्या वर्षांनी, पुन्हा शेजारी-शेजारी. त्याच्या पोटातले सेल कोणी काढले नव्हते. ते फुटून पाझरले होते. स्प्रिंगांवर हिरवापांढरा थर चढला होता, पत्र्या कुजल्या होत्या. हादऱ्याला तयार असावा म्हणून सेल आत ठेवले होते, आणि त्या तयारीनेच त्याला खाल्लं. मी त्याच्याशेजारी पडून होतो आणि आम्ही दोघेही काळोखात. म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो, वापरात नसलेल्या कंदिलातले सेल काढून ठेवा. हाताशी हवे असतील तर शेजारी ठेवा, पण पोटात नको.

कृष्णात आला तेव्हा त्याने मला हातात घेतलं. मग गुंडाला म्हणाला, "मी आईला बघायला लाइट लावला, आन् आईकडं बघायचंच बंद केलं रं आपन." त्याने मला सांगलीला नेलं, कारण साळूबाईने दवाखान्यातून निरोप धाडला होता: कंदील आणल्याशिवाय मी तुझ्या घरात पाऊल टाकणार नाही. तिला तिचं घर सोडावं लागलं होतं. निदान एवढं तरी तिच्या मनासारखं झालं.

आता मी सांगलीत असतो. विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर. साळूबाई वॉकर घेऊन हळूहळू चालते. घरातली माणसं चांगली आहेत, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. कृष्णात गावभर फिरून माझ्यासाठी जाड सेल शोधून आणतो. दुकानदार म्हणतात, हे आता कोणी मागत नाही. तो तरी आणतो. आणि कामावरून आला की माझं झाकण उघडून सेल तपासतो.

रोज दिवस मावळला की साळूबाई मला गॅलरीतल्या स्टुलावर ठेवते आणि लावते. तिची नात सृष्टी कॉलेजात जाते. पहिल्यांदा ती भडंगाची वाटी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "आजी, घरात एवढे लाइट आहेत, हा कोणाला दाखवतेस?"

"समोरच्यास्नी."

"पण आजी, तिथं आपलं कोणी राहत नाही."

"ठावं हाय मला. पर मी हितं हाय ह्ये त्येंला तरी कुटं ठावं हाय?"

सृष्टीने आजीला वाटीतलं भडंग दिलं आणि ती जवळच उभी राहिली.

समोर दोन मोठ्या इमारती आहेत. इतक्या खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीत दिवा. एवढा उजेड मी उभ्या आयुष्यात बघितला नव्हता, आणि इतकं एकटंही मला कधी वाटलं नव्हतं. कोनाड्यात नाही, माळ्यावरही नाही. सगळे दिवे लागतात, पण एकही कोणाशी बोलत नाही. साळूबाई प्रत्येक खिडकीवरून नजर फिरवते. आत ताटं वाढलेली असतात, सून हाक मारते, आमटी निवून जाते. ती म्हणते, "आले, आले," आणि आणखी थोडा वेळ उभी राहते. मग "बघत नसंल कुनी," असं पुटपुटते, खटका दाबते आणि मला आत नेते. तिला फार मोठं काही नको आहे. आपण आहोत, हे पलीकडच्या कोणालातरी कळलं, एवढंच तिला हवं आहे.

मित्रांनो, मला कपाटात जपून ठेवा, पुसा, मिरवा, असलं काही मी तुमच्याकडे मागत नाही. माझी टोकं काळी झाली आहेत. मी आता फार दिवस लागणार नाही. तुमच्यापैकी कोणी विश्रामबागेत राहत असेल, तर एखाद्या संध्याकाळी गॅलरीत या. तिसऱ्या मजल्यावर एक पांढरा, जरा फडफडणारा उजेड दिसेल. त्याच्यामागे एक म्हातारी उभी असेल. तुमच्या खोलीतला दिवा एकदा घालवा आणि पुन्हा लावा. तिला बरोबर कळेल. मग ती मला बंद करेल आणि जेवण गरम आहे तोवर जेवायला जाईल.